सुटकेचा भोंगा

भुताखेतांच्या गोष्टी लहानपणी मीही ऐकल्या, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला सवडच मिळाली नाही. दिवसा वाडीत पाणी लावायचं, संध्याकाळी कंदिलापाशी पुस्तक. पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा खालची हकिगत एक फिजिक्सवाला सांगतो आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावी.

गाव वटार, तालुका वसई. लढाईच्या दिवसांत, मुंबईवर विमानं आली तर म्हणून, आमच्या चावडीच्या ओट्यावर हाताने फिरवायचा भोंगा बसवला होता. यंत्र तसं साधं. लोखंडी डब्याला खाचा, आत पात्यांचं चक्र. हॅन्डल एकदा फिरवलं की दातेरी चाकांमुळे चक्राचे कितीतरी फेरे होतात. हवा खाचांमधून तुटक तुटक बाहेर पडते आणि त्याचाच आवाज होतो... चक्राला वेग जास्त, तर सूर चढा. हॅन्डल थांबवलं तरी चक्र आपल्या जोरावर फिरत राहतं, सायकलचं मागचं चाक पायडल न मारता फिरतं तसं. पण हॅन्डल ज्यावर बसतं तो दांडा फिरायचा तर तो कोणीतरी फिरवावाच लागतो.

वर-खाली होणारा सूर म्हणजे धोका. एकसारखा लांब सूर म्हणजे सुटका. लोक त्याला ‘सुटकेचा भोंगा’ म्हणत.

फिरवायचं काम पास्कूकडे. सायकली दुरुस्त करणारा शांत माणूस, दारूच्या वासाचाही तिटकारा असलेला. वॉर्डन होते भाऊसाहेब, गावातले मोठे वाडीवाले. माझे बाबा त्यांच्याच वाडीत कामाला होते. पहिल्या तालमीला चार बायका सुटकेच्या भोंग्याआधीच, लपायला खणलेल्या चरातून बाहेर आल्या, तर भाऊसाहेबांनी त्यांच्या घरच्या रॉकेलच्या चिठ्ठ्या महिनाभर अडवल्या. त्यानंतर भोंगा झाल्याशिवाय चरातून कोणी मान वर काढत नसे.

एका दुपारी तालीम बघायला ठाण्याहून साहेब आले. मी तेव्हा मॅट्रिकला. धोक्याचा भोंगा झाला, आम्ही केळीतल्या चरात उतरलो. आमचा चर चावडीसमोरच होता. पास्कूने घाईने सुटका वाजवू नये म्हणून भाऊसाहेबांनी हॅन्डल काढून कोटाच्या खिशात घातलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते साहेबांना घरी जेवायला घेऊन गेले.

दहा मिनिटांत सुटका व्हायची, ती अर्धा तास झाला तरी होईना. पास्कू भाऊसाहेबांच्या घरी धावत गेला. साहेब जेवतायत, ओटीवर थांब, असा आतून निरोप आला. तो थांबला.

इकडे आमच्या मागच्या बावखलात, म्हणजे वाडीच्या तळ्यात, काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ पोराचं रडणं. मी उठलो तर बाबांनी शर्ट धरून खाली ओढलं आणि म्हणाले, ‘भोंगा झाला नाय अजून.’ चरात आम्ही वीसेक माणसं होतो. सगळ्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने रडणं थांबलं.

ती पास्कूची पाच वर्षांची सिसिल होती. तिची आई मरीबाय त्या दिवशी भाजीची पाटी घेऊन सोपाऱ्याच्या बाजाराला गेली होती.

चौकशीत भाऊसाहेबांनी लिहून दिलं की हॅन्डल पास्कूपाशीच होतं, तो पिऊन पडला होता. मला कोणी विचारलं नाही. मीही सांगायला गेलो नाही. त्याच वर्षी मुंबईच्या वसतिगृहात माझी सोय भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर झाली. त्यांचे उपकार मी आजही नाकारत नाही. पास्कूने पुढे खरोखरच दारू धरली आणि लढाई संपायच्या आत गेला.

मी बी.एस्सी. झाल्यावर शाळेने माझा सत्कार ठेवला. दुपारची वेळ, शाळेचं अंगण, अध्यक्ष अर्थातच भाऊसाहेब. मरीबाय शेवटच्या रांगेत बसली होती. भाऊसाहेब शिस्तीवर बोलायला लागले, लढाईच्या काळात गाव कसं शिस्तीत वागलं वगैरे... आणि माळ्यावरून घुरघुर सुरू झाली. घुरघुरीचा सूर चढला, पडला, पुन्हा चढला. धोक्याचा भोंगा.

लढाईनंतर तो शाळेच्या माळ्यावर टाकलेला होता, विनाहॅन्डलचा. मी आणि हेडमास्तर शिडी लावून वर चढलो. माळ्यावर कोणी नव्हतं. भोंगा वाजत होता आणि गंजलेला दांडा गरगर फिरत होता. सूर पडताना दांडा क्षणभर थांबे, मग पुन्हा जोराने फिरे. पास्कू अगदी असाच फिरवायचा. मी दांडा मुठीत धरला, तर माझ्या तळहाताची साल निघाली.

खाली आलो तेव्हा मंडळी उठून पळाली असतील असं वाटलं होतं. एकही माणूस हललेला नव्हता. चरात बसायचो तसे सगळे खाली माना घालून बसले होते. फक्त मरीबाय उभी होती, भाऊसाहेबांकडे बघत.

भाऊसाहेबांनी टेबलाची कड धरली होती. तोंडातल्या तोंडात म्हणाले, ‘हॅन्डल माझ्या खिशात होतं.’

‘परत सांगा,’ मरीबाय म्हणाली. ‘मागे ऐकू नाय आलं.’

त्यांनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पास्कू शुद्धीत होता, तुमच्याच ओटीवर उभा होता, हेही वदवून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुला ठावं होतं ना रे?’

मी मान डोलावली. सत्काराची शाल अंगावर होती.

माळ्यावरचा आवाज हळूहळू उतरत बंद झाला. सगळे त्या लांब, एकसारख्या सुराची वाट बघत बसून राहिले. तो आला नाही. शेवटी मरीबाय चालू लागली, तेव्हा एकेक माणूस उठला.

मी पुष्कळ विचार केला. वारा म्हणावा तर माळ्याला खिडकी नाही. चक्र आपोआप सुटलं म्हणावं तर दांडा फिरायला नको. नंतर दांडा हलवून बघितला, तर गंजून पक्का बसलेला. माझ्या शिक्षणात याचं उत्तर नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. भाऊसाहेब तेव्हापासून घराचा उंबरा ओलांडत नाहीत. जमिनीवर खाली मान घालून बसून असतात, जेवणही तिथेच. मी रविवारी भेटायला जातो. दरवेळी ते विचारतात, ‘सुटकेचा झाला का रे?’ घरच्यांनी हजारदा ‘हो’ सांगून पाहिलं, पण त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या पत्नी, काकू, मला दाराशी गाठून विनवतात की तू शिकलेला, तुझं ऐकतील, एकदा ‘झाला’ म्हण.

तो एक शब्द उच्चारायला मला काहीच कष्ट नाहीत. मी त्यांच्या पाया पडतो, शेजारी बसतो, पाण्याचा पेला हातात देतो.

‘अजून नाही, भाऊसाहेब,’ मी म्हणतो.