लेस कुणीकडे होती

नासारियो एलिसोंदो नऊ हंगाम कॅनडात पगार घेऊन अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये लांबट चेंडूला लाथा मारत होता. मेक्सिकोतल्या मोंतेरेच्या त्या वस्तीत एवढं नाव दुसऱ्या कुणाचंच झालं नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे, त्यात त्याचा पाय जरा जास्तच लांब निघालाय. त्या चित्रात त्याला चेंडू धरून देणारा एलिसेओ नाही. खरं म्हणजे तो असायला हवा होता, पण चित्र काढणाऱ्याला तसं कुणी सांगितलंच नाही, आणि सांगू शकणारा नासारियो तेव्हा कॅनडाच्या बर्फात होता.

किकरचं काम दीड सेकंदाचं. एक जण चेंडू मागे फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो, जमिनीवर उभा करून वरून एक बोट टेकवतो आणि चेंडूची लेस, म्हणजे शिवणीवरची जाड दोरी, समोरच्या दोन खांबांकडे वळवतो; मग किकर चेंडू त्या खांबांमधून मारतो. लेस किकरच्या बाजूला राहिली तर पाय नेमका तिच्यावर बसतो आणि चेंडू भलतीकडे जातो. नासारियोला सहा वर्षं चेंडू धरून दिला तो एलिसेओ बियारेआलने. पहाटे, चुन्याच्या रेघा मारलेल्या मातीच्या मैदानावर, कामावर जायच्या आधी.

त्यांच्या क्लबात एक रीत होती. म्हाताऱ्या अबुंदियो मास्तरांनी घालून दिलेली. किकर चुकला की चेंडू धरणाऱ्याने ताबडतोब छातीवर हात मारायचा आणि म्हणायचं, लेस माझ्याकडून वळवायची राहिली. खरं असो नसो. किकरला पुढची किक मारायची असते, त्याचं मन शाबूत राहायला हवं, असं मास्तरांचं म्हणणं. सगळ्यांना ठाऊक असायचं की हे नुसतं मन राखणं आहे. कुणी ते खरं धरायचं नाही. एलिसेओने सहा वर्षांत कितीदा छाती बडवली असेल देव जाणे. नासारियो त्याला चिडवायचा की तुझ्या छातीला घट्टा पडेल.

मग एक दिवस कॅनडाहून पाहुणा आला, माणसं पारखायला. सकाळी किकर, दुपारी पुढे लांब पास फेकणारे. एलिसेओ तसा पास फेकणाराच, आणि हात सोन्याचा. दुपारी त्याचीही परीक्षा होती. दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. एलिसेओच्या आईने तर दोघांसाठी लोकरीचे मोजे विणून ठेवले होते.

सकाळची तिसरी किक नासारियोने घालवली. त्याचा पाय आधी जमिनीला घासला होता, घोट्यातून कळ गेली होती, चूक कुणाची हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. एलिसेओचा हात छातीकडे निघाला, पण त्याच्याही आधी नासारियोच्या तोंडातून निघून गेलं, "लेस माझ्याकडे होती." मागाहून एलिसेओने छातीवर हात मारला. रीतच ती. क्लबातल्या कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण पाहुण्याला रीत काय माहीत? त्याने वहीत लिहून घेतलं, दुसरा माणूस चेंडू धरायला बसवला, आणि नासारियोच्या पुढच्या पाचही किका खांबांमधून गेल्या. दुपारी एलिसेओला सांगण्यात आलं की थांबायची गरज नाही. हात भरवशाचे नाहीत.

एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. नासारियो पाहुण्याच्या शेजारीच उभा होता. पण करार अजून व्हायचा होता, आणि ते वाक्य त्याने पुढच्यावर ढकललं.

कॅनडात त्याला सहा जणांनी चेंडू धरून दिला. थंडीत चेंडू विटेसारखा कडक व्हायचा. एका मोठ्या सामन्यात त्याची शेवटची किक चुकली तेव्हा पत्रकारांनी विचारलं, लेस नीट नव्हती का? "लेस नीट होती, मी चुकलो," असं त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. लोकांनी त्याच्या मोठेपणाचं कौतुक केलं. परक्यांच्या खोलीत खरं बोलायला त्याला काहीच जड गेलं नाही, आणि त्या रात्री त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी यायचा तेव्हा दरवेळी ठरवून यायचा. मांस भाजता भाजता सांगू, म्हणायचा. मग निखाऱ्यांभोवती दहा माणसं जमायची आणि राहून जायचं. सांगण्याऐवजी त्याने मुलीच्या बाप्तिस्म्याला एलिसेओला धर्मपिता केलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कंपाद्रे, म्हणजे सहपिता, म्हणू लागले, आणि आता तर सांगणं आणखीच अवघड झालं.

कंबर कामातून गेल्यावर नासारियो कायमचा परतला. एलिसेओचं पंक्चरचं दुकान होतं, आणि शनिवारी तो क्लबातल्या पोरांना शिकवायचा. क्लबाने मैदानावर गवत लावलं आणि उद्घाटनाची पहिली किक नासारियोने मारावी असं ठरलं. नासारियो म्हणाला, मारीन, पण चेंडू एलिसेओ धरेल.

एलिसेओ आला तो हातात एक लोखंडी स्टँड घेऊन. तीन पाय, वर वाकवलेली सळई, चेंडूला वरून टेकू देणारी. दुकानात स्वतः वेल्डिंग केलेला.

"हे कशाला?" नासारियोने विचारलं.

"मी धरत नाही आता. पोरांनासुद्धा यानेच शिकवतो. याचा हात चुकत नाही."

"कधीपासून?"

"तुला माहितीये कधीपासून."

बँडवाले लांब होते, लोक खुर्च्यांवर बसत होते. नासारियोने एलिसेओचा दंड धरला.

"कंपाद्रे, त्या दिवशी लेस खांबांकडे होती. माझा पाय जमिनीला घासला. मी खोटं बोललो."

एलिसेओने त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. राग नव्हता त्यात, आणि तेच वाईट होतं.

"आता तू माझ्यासाठी छाती बडवायला लागलास का?"

"खरं सांगतोय. मुलीची शपथ."

"मुलीला मध्ये आणू नकोस. तो चेंडू मी अजून झोपेत बघतो. लेस तुझ्याकडेच असते, दरवेळी." त्याने नासारियोचा हात दंडावरून हळूच काढला. "आधी मलाही वाटायचं की बरोबर धरला होता. मग विचार केला, नासारियो उगाच कशाला म्हणेल? मन राखतोयस माझं. राहू दे, चांगला आहेस तू."

नासारियोला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. इतकी वर्षं त्याला भीती होती की एलिसेओ माफ करणार नाही. एलिसेओ विश्वासच ठेवणार नाही, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

नाव पुकारलं गेलं. एलिसेओने स्टँड रोवला, चेंडू उभा केला, लेस खांबांकडे केली, वाकून दोनदा पाहिलं, आणि चार पावलं बाजूला जाऊन उभा राहिला. नासारियोने किक मारली. कंबरेने साथ दिली नाही. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या.

नासारियोने वळून पाहिलं. चेंडूला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं, आणि तरी चार पावलांवर उभ्या एलिसेओने छातीवर हात मारला.