काकूंची पेशी

मुलं मला पाठीमागे ‘तेजाब’ म्हणायची, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या कानावर आलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडलं. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला कोण काय करणार! तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून आता घरी बसले आहे, आणि राहून राहून आठवण येते ती ना मुलांची, ना मुख्याध्यापकांची. आठवण येते प्रयोगशाळेतल्या काकूंची.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, चार खिडक्या, काळ्या दगडी टेबलांची रांग आणि प्रत्येक टेबलाला एक नळ. त्यातले दोन नळ कायम ठिबकायचे. स्पिरिटचा आणि चिरलेल्या कांद्याचा मिळून एक वास असायचा तिथे. अजून स्वयंपाकघरात कांदा चिरला की माझं मन आधी त्या खोलीत जातं, फोडणीकडे नंतर. मी यायच्या तेरा वर्षं आधी काकू तिथे झाडूपोछ्यासाठी लागल्या होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. तेव्हाचे विज्ञानाचे सर भले माणूस, त्यांनी एकदा सहज म्हटलं, “बघायचंय का?” आणि काकूंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यानंतर झाडू मागे पडला. काचपट्ट्या धुणं, आयोडीन पातळ करणं, लिटमसचे कागद कापणं, बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात घालून ठेवणं, सगळं त्यांच्याकडे आलं. बोटांच्या टोकांना आयोडीनचा पिवळट डाग कधी जायचाच नाही.

माझ्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझी चांगली फजिती झाली. कांद्याचा पापुद्रा, पाण्याचा थेंब, वरून झाकणकाच. मी काच थाडकन आडवी ठेवली. मग बघितलं तर मधोमध एक गोल, झकास, ठसठशीत. “बघा मुलांनो, ही पेशी!” मी म्हणाले. मुलं वह्या सरसावून काढायला बसली. तेवढ्यात काकू काचा पुसायच्या निमित्ताने माझ्या शेजारी आल्या आणि पुटपुटल्या, “बाई, तो हवेचा बुडबुडा आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला माहीत आहे!” मी खेकसले.

“हो तर! मी आपलं पोरांसाठी म्हटलं,” काकू म्हणाल्या आणि मोठ्याने वर्गाला सांगितलं, “बाई मुद्दाम बुडबुडा दाखवतायत हं. जाड काळी कड दिसली की बुडबुडा समजायचा. आता पेशी दाखवतील.” माझी लाज त्यांनी राखली. शाळा सुटल्यावर मला काच कशी ठेवायची ते शिकवलं: एक कड आधी टेकवायची, दुसरी सुईवर तोलून अगदी सावकाश खाली सोडायची, म्हणजे हवा आपोआप बाहेर जाते. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही. म्हणजे, फारसा नाही.

काकूंचा एकच कायदा होता, पण दगडावरची रेघ. दिसेल तेवढंच काढायचं. पुस्तकातल्या पेशीत काय वाट्टेल ते असतं: तंतुकणिका, जालिका, रायबोसोमचे ठिपके. आमच्या सूक्ष्मदर्शकातून त्यातलं काहीही दिसायचं नाही. कांद्याच्या पेशीची भिंत दिसायची, आयोडीन लागलेलं केंद्रक दिसायचं, मधली मोठी मोकळी जागा दिसायची, बस्स. तरी मुलं पुस्तक मांडीवर ठेवून सगळं उतरवून काढायची. काकू खिशात खोडरबर ठेवायच्या. “हे पाहिलंस?” “नाही, काकू.” “मग पूस.” एखादा आगाऊ पोरगा म्हणायचा, पण ते असतं ना? “असतं. तू लिही की असतं म्हणून, पानभर लिही. ऐकलेलं लिहायचं, पाहिलेलं काढायचं.” मुलं हात जोडायची, पण काकूंनी पास केलेल्या आकृतीवर मी डोळे मिटून सही करायचे.

माझ्या चौथ्या वर्षी वरून फतवा आला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला विज्ञानाची पायाभूत परीक्षा पास झालेली पाहिजे. वर्षभरात पास झाला नाही, तर त्याची बदली तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात. दप्तरखाना म्हणजे जुन्या हजेरीपटांची बिनखिडकीची खोली. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, “बाई, मला तिथे नका हो जाऊ देऊ.” एवढंच बोलल्या.

मग आमची शिकवणी सुरू झाली. रोज शाळा सुटल्यावर तासभर. घोडं पहिल्याच धड्यावर अडलं. अणू.

“तुम्ही पाहिलाय?” काकूंचा प्रश्न.

“नाही.”

“मग कशावरून?”

मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी डोकं शांत ठेवून पोटॅशियम परमँगनेटचा मोहरीएवढा खडा घेतला आणि चंचुपात्रभर पाण्यात टाकला. पाणी जांभळं. त्यातलं चमचाभर दुसऱ्या पात्रातल्या पाण्यात, ते गुलाबी. त्यातलं चमचाभर तिसऱ्यात, तेही गुलाबी, फिकट. काकू टेबलावर कोपरं टेकून बघत होत्या. “अगं बाई! एवढ्याशा खड्याचे एवढे तुकडे? म्हणजे एकेक कण असेल तरी केवढा!” मग स्वतःच म्हणाल्या, “पटलं. लिहीन मी.” त्यांना एखादी गोष्ट पटली की ती वज्रलेप. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. हे त्यांना आधीच पाठ होतं, का ते आता कळलं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, शिंपी होते. मशीन चालवता चालवता ते पेशीच्या भागांची नावं घ्यायचे आणि काकू भाकरी थापता थापता त्यांची कामं सांगायच्या. “माझीसुद्धा परीक्षा घ्या आता,” काका मला म्हणाले, “हिच्यापेक्षा मी आधी पास होईन.”

पेपर झाला. निकाल आला. पास व्हायला चाळीस लागत होते, काकूंना सदतीस.

मी उत्तरपत्रिका मागवली. लिखाण चोख होतं. तंतुकणिकेचं काम तर त्यांनी असं लिहिलं होतं की मी वर्गात वाचून दाखवावं. बारा गुणांच्या आकृतीला मात्र चार. तिथे काकूंनी आमची कांद्याची पेशी काढली होती. भिंत, केंद्रक, मोकळी जागा. पेशीपटल भिंतीपासून सुटलेलं, आत आक्रसलेलं, आणि खाली बारीक अक्षरात: ‘मिठाचे पाणी घातल्यावर असे दिसते. बाकीचे भाग आमच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत.’ पुस्तकात पटल भिंतीला चिकटलेलं असतं, म्हणून तपासणाऱ्याने त्यावर लाल फुली मारून ‘जागा चुकली’ असं लिहिलं होतं.

मी तरातरा मुख्याध्यापकांकडे गेले. “ही आकृती बरोबर आहे!”

“असेल हो. पण पुस्तकात नऊ भाग आहेत ना,” ते म्हणाले. “सहा महिन्यांनी एकदाच पुन्हा बसता येईल. त्यांना म्हणावं, नऊ भाग काढा.”

मुख्याध्यापकांवरचा राग मी काकूंवर काढला. तशीच त्यांच्या घरी गेले. काका मशीनवर होते, काकू दारात तांदूळ निवडत होत्या. “तुम्हाला नावं येत होती! सगळी येत होती! एक दिवस पुस्तकातलं काढलं असतंत तर काय आकाश कोसळलं असतं?” मी ओरडले. शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या.

काकू ताटातले खडे बाजूला करत राहिल्या. “बाई, मी सोळा वर्षं पोरांचं पुसत आलेय.”

“आणि दप्तरखान्यात गेल्यावर कुणाचं पुसणार आहात? हजेरीपटांचं? तुमचा हट्ट तुम्हालाच नडणार आहे. काढा, म्हणजे झालं. माझ्यासाठी काढा.”

त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मशीन थांबवलं होतं. “बरं, काढीन,” काकू म्हणाल्या.

सहा महिन्यांनी काकूंनी नऊ भाग काढले, एकूण एक. तंतुकणिका लाडवांसारख्या नीट मांडलेल्या, पटल भिंतीला घट्ट चिकटलेलं. अठ्ठावन्न गुण! मी सबंध शिक्षकखोलीला चहा पाजला. काकूंच्या नावाची पक्की पाटी प्रयोगशाळेच्या दारावर लागली. आपण किती मोठं काम केलं, असं वाटून मी आठवडाभर हवेत होते.

मग नव्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक आलं. कांदे चिरले गेले, पापुद्रे सुटले, मुलं डोळे लावून बसली आणि नेहमीप्रमाणे मांडीवर पुस्तकं उघडली. काकू टेबलांमधून फिरत होत्या. एका वहीपाशी थांबल्या. त्या वहीत सगळे नऊ भाग होते. मी खोडरबराची वाट बघत होते. काकूंनी वहीकडे बघितलं, आणि पुढे गेल्या. पुढच्या वहीकडेही तसंच.

शेवटच्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी म्हणाली, “काकू, मला हे बाकीचं दिसत नाहीये. काढू का?”

“बाईंना विचार,” काकू म्हणाल्या आणि काचपट्ट्या घेऊन नळाकडे गेल्या.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती, सगळा वर्ग बघत होता. मी तीस वर्षांत वर्गात कधी अडखळले नाही, त्या दिवशी अडखळले. “नको,” मी म्हणाले, आणि काकूंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाले, “दिसतं तेवढंच काढ!”

काकूंची पाठ माझ्याकडे होती. त्या काचपट्ट्या धूत राहिल्या. त्यानंतर त्या अकरा वर्षं त्या खोलीत होत्या, हसायच्या, चेष्टा करायच्या, बुडबुडा कसा ओळखायचा ते प्रत्येक नव्या वर्गाला सांगायच्या. कुणाच्या वहीवर मात्र त्यांनी पुन्हा खोडरबर चालवलं नाही. ते काम मग मीच करत गेले, आणि दर वेळी मला लाज वाटायची.