कळसूबाईवर तोंड झाकून

नगरहून निघताना माझ्या पिशवीत कपडे थोडे आणि तोंडाला गुंडाळायच्या वस्तूच जास्त होत्या. लोकरीचा मफलर, ह्यांची जुनी माकडटोपी, मुलीनं आणलेली नळीसारखी ताणली जाणारी गळपट्टी आणि एक सुती स्टोल. "आपण हिमालयात चाललोय का गं?" ह्यांनी विचारलं. मी पिशवीची चेन ओढली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपसूक सांडलं. आरशात बघते तर अर्धं तोंड खाली उतरलेलं, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय. शेजारणी म्हणाल्या, गार वारं लागलं. मी औषधं डॉक्टरांची घेतली आणि विश्वास शेजारणींवर ठेवला. काही महिन्यांत तोंड सरळ झालं. "पूर्ण बरी झालीस," असं हे रोज सांगायचे. तरी मी रोज सकाळी आरशापुढे गाल फुगवते, दात दाखवते, शीळ घालून बघते. शीळ वाजली की मगच चहा ठेवते.

यंदाची थंडी खिडक्या लावून काढायची माझी मलाच लाज वाटली, म्हणून कळसूबाईचं मीच काढलं. एसटी संगमनेर सोडून अकोले गावाकडे वळली तेव्हा पस्तावले. माझ्या खिडकीची काच खाली येईना. फटीतून वाऱ्याची धार नेमकी डाव्या गालावर! स्टोल त्या फटीत कोंबला आणि गालावर हात दाबून बसले. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मागं वळून विचारलं, "दाढ दुखतीया व्हय?" मी नुसती मान हलवली.

अकोल्यात जीप मिळेपर्यंत एका दुकानात शिरले. दुकानदारानं आतून रबरासारखं अस्तर असलेला मुखवटाच काढला. "ताई, ह्यातनं वारं जायाचं नावच न्हाई!" घालून बघितला तर वारंच काय, माझा श्वासही जाईना. काढला तेव्हा हनुवटी ओली झाली होती. यातून खरं तर मी काही शिकायला हवं होतं. पण डोक्यात वारा बसला होता, ओल नाही.

बारी गावात एका घरी मुक्काम केला. नागलीची (नाचणीची) भाकरी, पिठलं आणि वर लसणाचा ठेचा. चुलीपाशी बसून जेवताना पहिल्यांदा बरं वाटलं. तरी झोपताना माकडटोपी घातलीच.

सकाळी उजाडल्यावर निघालो. गवतावर दव साचलं होतं, भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती आणि मागं भंडारदऱ्याच्या पाण्यावर धुकं होतं. हे सगळं मी टोपीच्या भोकातून बघितलं. टोपीवरून मफलरचे दोन वेढे घेतले होते. पहिल्याच चढाला घाम फुटला. "सोड ते, भिजतंय," हे म्हणाले. मी ऐकलं नाही. घाम आला म्हणून गाल उघडायचा आणि वारं घ्यायचं, ही जोखीम मला नको होती.

पहिल्या लोखंडी शिडीवर फजिती झाली. मफलरमधून वर येणारा श्वास थेट चष्म्यावर बसला आणि पायरी दिसेनाशी झाली. चष्मा पुसायला हात सोडवेना. खालून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चढा की! आमी लटकून ऱ्हायचं का?" नाक मोकळं करावं तर वारा, झाकावं तर आंधळी. शेवटी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि त्याच्या वरून बघत चाचपडत चढले. छाती इतकी धडधडत होती की वर पोचल्यावर खालीच बसले.

शेवटच्या शिडीखाली ह्यांचा गुडघा बोलायला लागला. "मी इथं चहा पितो, तू जाऊन ये," म्हणाले. मी एकटीच वर गेले.

माथ्यावर वारा नुसता घोंघावत होता. घामानं भिजलेला मफलर क्षणात गारठला आणि ओला चिखल लिंपावा तसा गालाला चिकटला. देवीच्या देवळाच्या आडोशाला उभी राहिले आणि लक्षात आलं, डावा गाल कळतच नाहीये. मफलरच्या आत शीळ घालून बघितली. नुसती हवा गेली. आलं परत! फोन ह्यांच्याकडे, आरसा नाही, आणि माझं तोंड ओळखणारं इथं एकही माणूस नाही.

शेजारी एक मावशी नारळ फोडत होत्या. पाठीवर फडकी (खांद्यावरून घेऊन पुढं गाठ मारलेलं जाड कापड), तोंड उघडंच.

"मावशी, जरा माझं तोंड बघता का? वाकडं दिसतंय का?"

"तोंड हाय कुटं? आदी सोडा की ते."

सगळं सोडलं. वारा सपकन गालावर बसला.

"आता हसा," मावशी म्हणाल्या. मला हसू येईना. त्यांनीच खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. "अवं, देवीफुडं असं रडकं तोंड!" तेव्हा कशी कोण जाणे, हसले.

त्या निरखत राहिल्या. "डावीकडं जरा कमी जातंय बगा. पर पयलं कसं हुतं, मला काय ठावं?"

मी देवीला धड नमस्कारही न करता खाली धावले.

"अहो, झालं परत! बघा, वाकडं झालं!"

ह्यांनी चहाचा पेला ठेवला. मला उजेडाकडे वळवून बघितलं. "नाही झालं. गारठलंय फक्त."

"त्या मावशी म्हणाल्या, डावीकडे हसू कमी जातं."

हे चहाच्या पेल्याकडे वळले. मग म्हणाले, "ते आजचं नाही. तेवढं राहिलंच आहे."

"म्हणजे?"

"आरशात तू जपून हसतेस, तेव्हा सरळ दिसतं. मनापासून हसलीस की डावीकडे अडतं. शीळ वाजली की इतकी खूश व्हायचीस, कसं सांगणार?"

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागातच पिशवीतला कोरडा स्टोल सैलसर गुंडाळला, नाक मोकळं ठेवलं आणि उतरायला लागले. हळूहळू गाल तापला आणि कळायला लागला. तो तापला याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला. बारी दिसू लागली तेव्हा विचारलं, "अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच," हे म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. मुलीनं दार उघडलं. "आई, कशी झाली ट्रिप?" मी हसले, हसू आवरायला हवं हे विसरूनच. तीही हसली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, ती फक्त माझ्या डोळ्यांत बघत होती. माझ्या ओठांकडे तिनं कितीतरी महिन्यांत बघितलंच नव्हतं.