सही न झालेला रविवार

धरणात आजोबांची भातखाचरं गेली आणि वरचा खडकाळ तुकडा तेवढा राहिला. त्या तुकड्यावर, पाण्यापासून पन्नास-साठ पावलांवर, आईनं एक खोली उभी केली. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. गवंडी एकच, आणि त्याच्या हाताखाली आई स्वतः. आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. सुट्टी मिळाली की पॅसेंजरनं घोटीला उतरायचं आणि धरणावर चालत जायचं.

सातबाऱ्यावर मात्र दोन नावं होती, वडिलांचं आणि थोरल्या काकांचं. काका गावातच राहायचे. मी आठवीत होते, सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल, तेव्हा त्यांना त्या तुकड्यासाठी मुंबईचं एक गिऱ्हाईक भेटलं. एका संध्याकाळी घरी येऊन ते वडिलांना म्हणाले, "त्या खोलीत पावसाळ्यात कुत्रंबी राहत नाय. रविवारी गिऱ्हाईक जागा बघाया येतंय. त्याला पटली की तू सहीला ये."

वडील मान खाली घालून बसले. आजोबांच्या मागं काकांनीच त्यांना शिकवलं होतं, त्यामुळे काकांपुढं ते कधी तोंड उघडत नसत. आई आत पोळ्या लाटत सगळं ऐकत होती. काका गेल्यावर मला म्हणाली, "शनिवारी शाळा सुटली की तडक स्टेशनवर ये. आपण खोलीवर जातोय."

"अगं, श्रावण आहे. तिकडं आठ-आठ दिवस उघडीप नसते," वडील म्हणाले.

"म्हणूनच जातोय."

वडिलांना रविवारीही कारखान्यात पाळी होती. आम्ही दोघीच निघालो. घोटीच्या बाहेर पडतो न पडतो तोच छत्री उलटी झाली. दोन तास चाललो आणि पोचलो तर कोपऱ्यातला पत्रा वाऱ्यानं उचललेला, खाली चुलीजवळ तळं साचलेलं. आईनं पदर खोचला आणि मागच्या दगडी बांधावरून छपरावर चढली. मी खालून एकेक दगड देत होते.

"भीती वाटते का गं?" तिनं विचारलं.

"हो."

"मलाही वाटतेय. दे तो मोठा."

पत्रा बसला. लाकडं ओली, चूल काही केल्या पेटेना. घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, एका घोंगडीत दोघी झोपलो.

रविवारी दुपारी चूल पेटली, तोच काका आले. सोबत रेनकोट घातलेले एक गृहस्थ. पत्र्यांतून निघणारा धूर बघून काका दारातच थबकले.

"तुम्ही तर म्हणालात, इथं कोणी राहत नाही," ते गृहस्थ म्हणाले.

"राहतो की," आई म्हणाली. "बसा. चहा कोरा आहे, दूध नाही."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "बाईमाणसानं यवहारात पडू नये. पोरीला घे अन् घरला चल."

"मी नाही येणार," मी म्हणाले.

आमच्या घरात काकांशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी माझ्यावर हात उगारला. आई मधे उभी राहिली, हाताला राख तशीच. "तिला हात लावायचा नाही, भाऊजी."

तेवढ्यात दारात वडील दिसले. पाळी सोडून आले होते, अंगावर कारखान्याचे निळे कपडे, निथळत असलेले.

"बरं झालं आलास. समजाव हिला," काका म्हणाले.

वडिलांनी आमच्याकडं पाहिलंच नाही. "दादा, मी सही करणार नाही."

"काय म्हणालास?"

"नाही करणार." आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"तुला मी वाढवलं रे!"

"वाढवलंत. ते मरेपर्यंत विसरणार नाही. सही मात्र नाही."

गृहस्थांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि निघून गेले. "माझ्या दारात पुन्यांदा पाय ठेवू नको," म्हणत काकाही गेले. वडील भिंतीला टेकून मटकन खाली बसले. आई एवढंच म्हणाली, "आधी ओले कपडे काढा." मग स्वतःचं कोरडं लुगडं त्यांच्या अंगावर टाकलं. वडील ते गुंडाळून रडले.

सोमवारी माझी शाळा बुडाली. बाईंना द्यायच्या चिठ्ठीत आजारपण लिहायला आईनं नकार दिला. तिनं लिहिलं, "घरच्या जागेवर काम होतं."

काका आमच्याशी पुन्हा बोलले नाहीत. माझ्या लग्नाला आले नाहीत. वडील दर दिवाळीला त्यांना पत्र टाकायचे. उत्तर एकदाही आलं नाही. ते वडिलांना लागायचं, आम्हाला दिसायचं. गावातले लोक अजून म्हणतात, त्या बाईनं भाऊ-भाऊ तोडले. म्हणू देत. त्या रविवारच्या पुढच्या वर्षीपासून आम्ही खोलीवर उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त जायला लागलो, आणि ते मुद्दाम.