बँडचा दुखवटा

आता कसं सांगू, हसाल तुम्ही. पण चहा येईपर्यंत ऐकाच. गेल्या हिवाळ्यात माझ्यामुळे अर्धी गल्ली दुखवट्याला बसली, आणि मेलं कुणीच नव्हतं!

त्याचं असं झालं. माझा एक परदेशी बँड आहे. माझा म्हणजे, अख्ख्या शिरूर कासारात तो ऐकणारा मी एकटाच, म्हणून माझा. कॉलेजात असताना जुन्या बाजारात त्यांची कॅसेट मिळाली. फंक आणि सोल म्हणतात त्या संगीताला. बास गिटार अशी वाजते की मान आपोआप डोलते, आणि गाणारा गळ्यातून नाही, थेट पोटातून गातो. बायको त्याला बोंबलणं म्हणते. पुढे बँड फुटला. मी आपला वाट बघत राहिलो. आणि एके दिवशी बातमी आली, मंडळी परत एकत्र आली, नवा अल्बम निघतोय!

वेळ कशी होती बघा. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला. समोरच्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. शाळेत पोरं शिकवून घरी यायचं, कुलूप काढायचं आणि भिंतीवरच्या पालीशी बोलायचं. म्हटलं, चला, जुने मित्र तरी येतायत.

रविवारी सकाळी अल्बम आला. काय सांगू तुम्हाला! बास कुठे गेली पत्ता नाही, ट्रम्पेटच्या जागी कॉम्प्युटरची पिपाणी, आणि गाणारा असा रडका, जणू दवाखान्याच्या रांगेत उभा आहे. माझंच चुकत असेल म्हणून पुन्हा ऐकला. खरंच डोळ्यांत पाणी आलं. पण हे दुःख सांगायचं कुणाला? बायकोला फोन लावला, तर बाळ रडतंय, नंतर बोलू म्हणाली आणि फोन बंद करून ठेवला.

मग या शहाण्याने काय करावं? मोबाईलवर स्टेटस ठेवलं. काळी चौकट, मेणबत्ती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली, तीस वर्षांची साथ सुटली.' आपल्याकडे रोज असं एखादं दिसतंच. म्हटलं, गंमत. फोन सायलेंट करून चार्जिंगला लावला आणि स्पीकरवर पुन्हा अल्बम लावून बसलो.

थोड्या वेळाने शेजारचे सर्जेरावकाका आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सतरंजीवर बसले. दुखवट्याला गेल्यावर कोण गेलं असं आपण तोंडावर विचारत नाही ना! मला वाटलं, गाणं ऐकून आले. मी आवाज थोडा वाढवला.

मग आणखी चार-सहा जण आले. शांताकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सगळे खाली मान घालून अख्खा अल्बम ऐकत बसले.

"लई आशा होती हो काका," एवढंच म्हणालो.

"इलाज न्हाई मास्तर," काका म्हणाले.

तुम्ही म्हणाल, तरी कळलं नाही का? अहो, महिनाभर घरात माणूस आलं नव्हतं. आलेल्याला तू का आलास, असं कोण विचारतं? मला इतकं बरं वाटत होतं की कुणी उठू नये.

दुपारी दारात जीप थांबली. उमापूरचा माझा मेहुणा भावकीला घेऊन उतरला आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागला.

"आक्का गेली आन् मला फोन बी न्हाई केला, दाजी?"

क्षणभर मलाही ते खरंच वाटलं. जावयाला फोन लावला, बायकोला द्यायला सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

"काय ओ? बाळ आत्ताच झोपलंय," बायको म्हणाली.

मेहुणा मटकन खाली बसला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शांताकाकूंनी हळूच विचारलं, "मग गेलं कोण?"

मी म्हणालो, "बँड."

पुढचं काय सांगू! मेहुणा पाणी न पिता परत गेला, अजून बोलत नाही. एकेक जण चप्पल शोधून बाहेर पडला. काका तेवढे दारात थांबले. म्हणाले, "मास्तर, त्यातलं तिसरं गानं बरं हाय पन." आणि तेही गेले.

पिठलं-भाकरी एकट्यानेच खाल्ली. नंतर किती तरी दिवस संध्याकाळी दार उघडं ठेवून बसलो. कुणी फिरकलं नाही. इतकी वर्षं त्या बँडने चांगला अल्बम काढावा म्हणून झुरलो. आता रोज वाटतं, आणखी एक काढा रे बाबांनो, आणि याच्याहून भिकार काढा.