वसंतभाऊंचं काही चुकलं नव्हतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी दोन रात्री बसले होते, जिभेवर आलं होतं – तरी गिळलं. आज तुम्हाला सांगते. मध्येच थांबले तर समजा की लाज वाटतेय, पण आज पुरतं सांगून होईपर्यंत मी उठणार नाही.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका विमा एजंटाकडे कारकून होते. आमचे शेठ गाड्यांचे विमे उतरवायचे आणि त्याला जोडून एक कार्ड द्यायचे. गाडी रस्त्यात बंद पडली की ऑफिसात फोन करायचा, विठ्ठलवाडीच्या गॅरेजचा मेकॅनिक जागेवर येणार. त्या काळात आमच्याकडे हे नवीनच होतं. लोक कार्ड उलटंपालटं करून बघायचे.

अपंगांच्या, म्हणजे मागे जादा चाकं लावलेल्या स्कूटरला मात्र एक अट होती. सरकारी दवाखान्याचा अपंगत्वाचा दाखला जोडायचा. दाखला नाही तर गॅरेजच्या वहीत नाव चढायचं नाही, फॉर्म पुढे न जाता खालच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायचा. आता सांगा, ज्याला दाखल्यासाठीच हेलपाटे घालायचेत, त्याची गाडी वाटेत बंद पडली तर त्याने कुणाकडे बघायचं? पण हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा पडला नव्हता.

वसंतभाऊ बदलापूरजवळच्या आमच्या शिरगावातले, आमच्याच गल्लीतले. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, कॅलिपर. घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करायचे. त्याच सुमाराला बदलापूर स्टेशनबाहेर अपंगांसाठी टेलिफोनचा बूथ निघणार होता. त्यांचा अर्ज गेला होता, फक्त दाखला हवा होता. त्यासाठी उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं शिबिर लागणार होतं.

ते कार्ड काढायला आमच्या ऑफिसात आले आणि शेठसमोर म्हणाले, "ही आमच्या गल्लीची पोरगी. ती हाय म्हणून आलो."

मी फुगले. खरंच फुगले! गल्लीत तोवर कुणी मला एवढं मोठं केलं नव्हतं. शेठची एक रीत होती – हातात काही पडल्याशिवाय गिऱ्हाईक खुर्चीतून उठत नाही, म्हणून शिक्का मारलेली कोरी कार्डं माझ्याजवळच असायची. दाखला नसेल तर कार्ड द्यायचं नाही, हे मला पाठ होतं. तरी शेठ चहाला खाली उतरल्यावर मी कार्डावर भाऊंचं नाव घातलं आणि म्हटलं, "भाऊ, मी असताना काळजी कसली?"

फॉर्म खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. दाखला आला की पाठवू, कुणाला कळतंय?

इथवरचं तुम्ही कदाचित पोटात घालाल. खरं पाप पुढे आहे.

शिबिराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. भाऊ. अंबरनाथच्या अलीकडे स्कूटर बंद पडली होती. कॅलिपर ओढत ते एका कारखान्याच्या गेटापर्यंत गेले होते आणि वॉचमनच्या फोनवरून बोलत होते. "सुनंदा, एकपर्यंत नंबर लावायचाय गं. माणूस धाड."

शेठ माझ्यासमोर बसले होते. गॅरेजवाल्याने वहीत नाव शोधलं असतं, सापडलं नसतं, मग शेठना कळलं असतं. नोकरी गेली असती – बहुतेक. मी काय करायला हवं होतं? "भाऊ, कार्ड लागू नाही, स्कूटर वॉचमनच्या भरवशावर सोडा आणि रिक्षा करा." बस, एवढंच. रस्त्याला रिक्षा होत्या. ते अकराला दवाखान्यात पोचले असते.

मी म्हटलं, "माणूस निघालाय, भाऊ. जागेवरून हलू नका."

तासाभराने पुन्हा फोन. म्हटलं, "पोचतच असेल."

नंतर फोन आला नाही. मी डबा खाल्ला. हो, खाल्ला, आणि पोटभर खाल्ला. भाजी कसली होती तेही आठवतं, म्हणून सांगते.

भाऊ दोनपर्यंत उन्हात थांबले. शिबिर संपलं. पुढचं शिबिर कितीतरी महिन्यांनी लागलं, तोवर बूथ दुसऱ्या कुणाला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. मला वाटलं, आता शेठसमोर माझी धिंड निघणार. मी पदर सावरून बसले. पण भाऊ माझ्यापुढे हात जोडून उभे! म्हणाले, "चूक माझीच हाय गं. ऊन सोसंना म्हणून धा मिनटं पलीकडं झाडाखाली गेलो. तेवढ्यात येऊन गेला असंल ना तुजा माणूस?"

एवढी सोपी वाट कुणी कुणाला करून देतं का? आणि मी त्या वाटेने गेले. "हो भाऊ," मी म्हटलं. "येऊन गेला. तुम्ही दिसला नाहीत म्हणाला."

ही माझी कबुली. फोनवरचं खोटं मी भीतीने बोलले, असं म्हणता येईल. हे दुसरं कशाने बोलले? घाबरायचं काही उरलंच नव्हतं. ते स्वतःच दोष घ्यायला आले होते, मी फक्त त्यांच्या पदरात टाकला.

आज सात वर्षं झाली. भाऊ अजून धागे कापतात. आमच्या गल्लीत कुणाला उशीर झाला की पोरं विचारतात, "झाडाखाली गेल्ता काय?" त्यावर भाऊ स्वतः सगळ्यात मोठ्याने हसतात. मीही हसले आहे. रविवारी विहारात वंदना झाली की ते नोकरीला लागणाऱ्या पोरांना सांगतात, "सांगितलेल्या जागी थांबावं बाबांनो. मी नाय थांबलो, मोकळा बसलो." त्याच्या आधी आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलेलं असतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी इतरांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणते.

माफी मागायचं मनात होतं. पण माफी मागितली की भाऊ देऊन टाकतील, मला माहीत आहे, आणि मग मीच मोकळी होईन. म्हणून मागणार नाही. येत्या रविवारी ते पोरांना सांगायला लागले की मी बायकांमधून उठून उभी राहीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलेन. माझा नवरा तिथे असेल, माझी मुलगीही असेल. असू देत.

भाऊ, तुम्ही दिवसभर झाडाखाली बसला असतात तरी चाललं असतं. तिथे कुणी येणारच नव्हतं. मी कुणाला पाठवलंच नव्हतं.