चालू आहे, बंद करू नये

कंपनीने यंत्र जसं बनवलं तसं ते चालू द्यायचं नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला सबंध पालघर तालुक्यात एकच माणूस असावा, आणि ते माझ्या बायकोचे सख्खे मामा आहेत. बोईसरच्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळले. निवृत्त होऊन एडवणला वाडीतल्या घरी राहायला आले ते कारखान्याच्या सगळ्या सवयी घेऊनच. त्यांचा पाण्याचा पंप वॉशिंग मशीनच्या टायमरवर चालतो, त्यामुळे टाकी भरल्यावरही तो थोडा वेळ विचार करतो आणि मग थांबतो. मिक्सरला कूलरची मोटर आहे. पहिल्याच दिवशी चटणी भिंतीवर गेली, तेव्हा मामा भिंतीकडे बघत शांतपणे म्हणाले, "ताकद हाय, नाय असं नाय. भांडं कमी पडतं." दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक वस्तूला ते कारखान्यातल्यासारखा लाल टॅग बांधतात. त्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये', खाली सही आणि तारीख. ज्याने बांधला त्यानेच टॅग सोडायचा, हा नियम. मिक्सरवर तो सव्वा महिना होता आणि मामी सव्वा महिना पाट्यावर चटणी वाटत होत्या. एकदा मी मुक्कामाला असताना न्हाणीघराच्या नळाला टॅग निघाला. मी जावई असून विहिरीवर आंघोळ केली.

पण या घरातली खरी गंमत उशिरा लक्षात येते. तिथे काही वाजत नाही. दारांच्या चौकटींना रबराच्या पट्ट्या आहेत, कपाटांना आहेत, खिडक्यांना आहेत, इतकंच काय, डब्यांच्या फळीवरही रबर अंथरलेलं आहे. मी पहिल्यांदा हसलो होतो. मग बायकोने कारण सांगितलं. मामा नोकरीत असताना शेजारच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला होता. बोईसरच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीतल्या काचा हादरल्या, फोन लागेनात, आणि मामी चार तास दारात उभ्या होत्या. मामा चालत घरी आले, रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "चहा टाक." त्या दिवसापासून साधं झाकण पडलं तरी मामींचा जीव उडतो. मामांनी यावर कधी चार समजुतीचे शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नाही. ते रबर कापत राहिले.

अशा घरात त्यांनी स्वतःच्या हाताने 'टक्' आणला. लेक पुण्याला असते, दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करते. मामांनी आपल्या जुन्या लॅपटॉपवर भलत्याच कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. ती आपल्याच यंत्रात चालावी असा त्या कंपनीचा आग्रह असतो, आणि कुणाचा असा आग्रह कळला की मामांना राहवत नाही. चार दिवसांच्या खटपटीनंतर पडदा उजळला, वायफाय लागलं, रविवारी कॉलही लागला. पण लेक "आई" म्हणणार त्याआधी स्पीकरमधून टक् असा आवाज फुटला. मामी दचकल्या. लेक जरा थांबून पुन्हा बोलली की पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी त्या उठल्या. "तुमी बोला, मी आतनं ऐकते," म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे दोन रविवार त्या लॅपटॉपसमोर बसल्याच नाहीत. लेकीला सातवा महिना लागला होता.

"मामा, जुनी सिस्टिम टाका ना परत," मी म्हणालो.

"परत टाकीन. पण हा आवाज आला कुठनं ते मला कळाया पायजे," ते म्हणाले. मग बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत बसले. "आमी हितं एक दार वाजू दिलं नाय, जावईबापू." त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

लॅपटॉपला लाल टॅग लागला. जगभरात असेच उपद्व्याप करणारे लोक आहेत, त्यांचे सल्ले मामा वहीत उतरवून घेऊ लागले. फायली बदलल्या, आवाजाचे तीन वेगवेगळे प्रोग्राम घालून काढले. टक् जागचा हलला नाही. शेवटी कारण सापडलं. काही वाजत नसलं की वीज वाचवायला स्पीकरची चिप झोपते, आणि आवाज आला की दचकून उठते. ते दचकणं म्हणजेच टक्. मामा जेवताना हे सांगत होते, तेव्हा भात वाढता वाढता मामी म्हणाल्या, "माज्यासारखीच हाय की. अगदी गप्प गप्प असलं नि मधीच कायतरी वाजलं की मला बी दचकाया होतं. तिच्याजवळ कायतरी हळू वाजत ठेवा."

मामा अर्ध्या जेवणावरून उठले. ज्यात काहीच ऐकू येत नाही अशी एक फाईल त्यांनी बनवली आणि ती सारखी वाजती ठेवली. चिप जागी राहिली. त्या रविवारी लेकीचं "आई" पहिल्या अक्षरापासून स्वच्छ आलं आणि मामी तासभर खुर्चीतून हलल्या नाहीत. मामा दाराशी उभे राहून पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी मामी पुण्याला गेल्या. नातीच्या येण्याचा आनंद होताच, पण तीन महिन्यांचे सहा झाले तशी आम्हाला मामांची काळजी वाटू लागली. गेल्या महिन्यात मी दुपारी एडवणला गेलो. दार नेहमीसारखं न वाजता उघडलं. मामा आरामखुर्चीत गाढ झोपले होते, चष्मा कपाळावर. शेजारी लॅपटॉप उघडा होता, त्याला लाल टॅग बांधलेला: 'चालू आहे, बंद करू नये.' पडद्यावर पुण्याच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा दिसत होता. माणूस कुणी नव्हतं, फक्त विळीवर भाजी चिरल्याचा आणि अधूनमधून बांगड्यांचा आवाज येत होता. कॉल बंद करायचा राहून गेला असेल असं समजून मी टॅग बाजूला सारला आणि झाकण खाली करू लागलो.

"राहू द्या, जावईबापू," पलीकडून मामींचा दबका आवाज आला. "आवाज बंद झाला की ते दचकून उठतात."

मी हात मागे घेतला. टॅग होता तसा सरळ केला आणि मामा उठेपर्यंत तिथेच बसून राहिलो.